पातळी

एकतीस वर्षं मी आजव्याची पातळी लिहिली.
सकाळी सातला फोन. पलीकडून माणूस आकडा सांगायचा,
मी निळ्या शाईत उतरवायचे: फूट, दशांश,
वारा असला तर शेऱ्यात वारा.
निवृत्त झाले तेव्हा एक कोरं रजिस्टर कपाटात पडून होतं,
ते पिशवीत घातलं आणि घरी आणलं.
माझा तेवढाच भ्रष्टाचार.

आता त्यात खारीचं पाणी लिहिते.

रात्री नऊला मापाने भरायचं,
दुसऱ्या रात्री नऊला उरलेलं मोजायचं, वजाबाकी.
मार्चमध्ये ही अकरा किलोची कुत्री
दिवसाला दोन लिटर तीनशे पीत होती,
आणि कारेलीबागेतला आमचा दुसरा मजला
रात्री तीनदा उतरत होता.
आधी वाटलं उन्हाळा. मग वाटलं वय.
पोट सुटलं, पाठ उघडी पडली, शेपूट उंदराचं झालं.
हंसाबेन म्हणाल्या, "खाय-पीये छे ने, पछी शुं?"
खात होती म्हणजे काय,
पोळ्या, शेंगांची टरफलं, देव्हाऱ्यातल्या वाती,
शरयूची अर्धी चप्पल.

डॉक्टर झवेरींनी पावतीच्या पाठीवर चित्र काढलं.
मेंदूच्या तळाशी एक तीळ,
मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन वाटाणे.
तीळ हुकूम सोडतो, वाटाणे ऐकतात.
"हिचा तीळ थांबतच नाही.
बरं नाही होणार, मावशी. आवरता येईल."

आवरता येईल हे मला कळलं.
पाणीसुद्धा कधी बरं होत नाही,
दरवाजे किती उघडायचे एवढंच आपल्या हातात.

तेव्हा सकाळी आठ. आधी भात, मग कॅप्सूल,
रिकाम्या पोटी नाही, फोडायची नाही.
शरयू हातमोजे घालते, जणू शस्त्रक्रियाच,
तुपातल्या पोळीत ती गुंडाळते,
आणि खारी पोळी गिळून
कॅप्सूल माझ्या पायावर ठेवते.
पुन्हा पोळी.

मग अकोट्याच्या दवाखान्यात तपासणी:
रक्त, सुई, बाकावर एक तास, पुन्हा रक्त.
त्या तासाचे पैसे शरयू कोणाला सांगत नाही.
मी विचारलं तर म्हणते,
ज्या साली विश्वामित्री जिन्याच्या चौथ्या पायरीवर आली
त्या साली पाचव्या पायरीवर ही बसली होती,
मुठीएवढी, मगरींच्या पाण्यातून कशी आली कोण जाणे.
आलेल्याचा हिशेब मागायचा नसतो.

पाणी उतरलं. सोळाशे, तेराशे, हजार पन्नास.
पाठीवर लव आली, पांढरी.
मी खाली लाल रेघ ओढली, आम्ही दोघींनी बासुंदी आणली.

आणि ऑगस्टात एका सकाळी तिने भाताकडे पाहिलं,
मान फिरवली.
नऊ महिने ज्या भुकेला मी शिव्या दिल्या
तिची वाट पाहत फरशीवर बसले.
शरयू हातमोजे घालून उभी.
"देऊ?"
"नको. आज नको."
फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले, गोळी बंद, लगेच या.
रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर,
जड, आणि थंड नाक.
वाटाणे फारच गप्प झाले होते.
मी दरवाजे जास्त बंद केले होते,
आकड्यांकडे बघता बघता.

सलाईन, तीन दिवस. मग निम्मी मात्रा.
चौथ्या दिवशी तिने शरयूची दुसरी चप्पल खाल्ली.
आम्ही कोणी ओरडलो नाही.

काल रात्री नऊला वजाबाकी केली. आठशे चाळीस.
"छान," मी म्हणाले.
शरयू गप्प. मग म्हणाली,
"पहाटे मी तिला तांब्यातून पाजलं. उठून आली होती."
"किती?"
"तहान होती तेवढं."

खारी उंबऱ्यावर झोपली होती, पाय स्वप्नात धावत होते.
मी पेन उचललं. आठशे चाळीस, अधिक.
एकतीस वर्षांत त्या रकान्यात कधी लिहिला नव्हता
तो शब्द लिहिला:
अंदाजे.